छोट्या विशेष शाळांच्या संचालकांना खुले पत्र : मुलाच्या फायलीत नसलेले पान

प्रति,
लहान मुलांसाठी खासगी विशेष शाळा चालवणारे संचालक, विश्वस्त आणि मुख्याध्यापक यांस,

विषय : मूल शाळेतून पुढे जाण्याचे नियोजन त्याच्या प्रवेशाच्या वेळीच लेखी करण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. अडीच-तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या, दहा-पंधरा पट असलेल्या खासगी विशेष शाळांमध्ये मी शिकवले आहे आणि अलीकडे अशा शाळांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करते. त्या निमित्ताने मुलांच्या फायली वाचायला मिळतात. फाईल उघडली की सुरुवातीची पाने भरगच्च असतात : जन्माच्या वेळचा इतिहास, विकासाचे टप्पे, डॉक्टरांचे अहवाल, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची पहिली मूल्यमापने, पालकांची मुलाखत, सह्या केलेली संमतिपत्रे. मूल शाळेत कसे आले हे त्यातून नीट कळते. ते शाळेतून केव्हा, कुठे आणि कशाच्या आधारावर जाणार आहे, हे सांगणारे पान मात्र बहुतेक फायलींत सापडत नाही. मला या पत्रात त्या एका पानाबद्दलच लिहायचे आहे.

आपल्या शाळांचे मोल मी जाणते, हे आधी नोंदवते, म्हणजे पुढचे लिखाण विरोधासाठी विरोध वाटणार नाही. बालवाडीने नाकारलेल्या, ‘थोडे बोलायला लागले की आणा’ असे सांगून परत पाठवलेल्या मुलाला दार उघडणारे बऱ्याचदा आपणच असता. पट लहान असल्याने मूल कोणत्या आवाजाने बिथरते, झोप अपुरी झालेली असली की सकाळी कसे वागते, जिना उतरताना कोणता पाय आधी टाकते, हे मदतनीस बाईंपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. मोठ्या संस्थेत हे क्वचितच साधते. तक्रार या जिव्हाळ्याबद्दल नाही. जिव्हाळ्याच्या आड शाळेचा एक हितसंबंध दडून राहतो आणि त्याबद्दल आपल्यापैकी फारसे कोणी उघडपणे बोलत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

तो हितसंबंध पैशाचा आहे. छोट्या खासगी शाळेचे उत्पन्न जवळजवळ सगळे शुल्कातून येते. पट बारा असेल आणि एक मूल गेले, तर उत्पन्नाचा बारावा हिस्सा गेला. एकाच वेळी दोन गेली, तर एका शिक्षिकेचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न त्याच महिन्यात उभा राहतो. त्यातही जे मूल पुढे जाण्याच्या सर्वांत जवळ आलेले असते, तेच वर्गात सांभाळायला सोपे झालेले असते, पाहुणे आले की त्यालाच पुढे बोलावले जाते आणि नव्या पालकांना दाखवायला तेच उपयोगी पडते. म्हणजे ज्याला सोडायला हवे, त्याला सोडणेच शाळेला सर्वांत महाग पडते. इथे मी कोणाच्याही हेतूवर शंका घेत नाही. ‘अजून एक वर्ष राहू द्या, पाया पक्का होईल’ असे सांगणाऱ्या शिक्षिकेला ते बहुधा मनापासून खरे वाटत असते. पालकांनाही ते ऐकून हायसे वाटते, कारण बाहेरच्या शाळेत पुन्हा नकार पचवण्याची त्यांची तयारी नसते. अशा रीतीने दोन्ही पक्षांच्या सोयीचा निर्णय होतो आणि तो मुलाच्या सोयीचा आहे का, हे विचारणारे तिसरे कोणी त्या बैठकीत नसते.

या वयात एक वर्ष म्हणजे किती, याचाही हिशेब करून पाहावा. स्वमग्नतेची (ऑटिझमची) प्राथमिक चाचणी अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात सर्वच मुलांची करावी, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. तरीही त्याच देशात प्रत्यक्ष निदान व्हायला साधारण चौथे वर्ष उजाडते. निदानानंतर शाळेचा शोध, प्रतीक्षा यादी आणि प्रवेश यांत आणखी काही महिने जातात. सहाव्या-सातव्या वर्षी औपचारिक शालेय शिक्षण सुरू होते असे धरले, तर आपल्या हाती दोन, फार तर अडीच वर्षे उरतात. त्यातले ‘अजून एक वर्ष’ म्हणजे जवळजवळ निम्मा काळ झाला. एवढा मोठा निर्णय कोणत्याही लेखी निकषाशिवाय, केवळ अंदाजाने घेतला जावा, हे आपल्यापैकी कोणालाच पटण्यासारखे नसावे.

निकष नसले की काय होते, ते एका वर्गातील उदाहरणाने सांगते. पाच वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा होता. हवी ती वस्तू बोलण्याऐवजी तिचे चित्र देऊन मागता यावी म्हणून त्याच्यासाठी चित्रकार्डांची वही केलेली होती. जाड पुठ्ठा, वेलक्रोची पट्टी, तीवर ओळीने चिकटवलेली चित्रे. ही वही दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. मुलगा कपाटासमोर येऊन टाचा उचलायचा आणि वरच्या फळीकडे नजर टाकायचा. बाई तत्काळ साबणाच्या फुग्यांची बाटली काढून त्याच्या हाती द्यायच्या. वही खिळ्यावरच राहायची. ‘त्याला काय हवंय ते मला नुसतं बघूनच कळतं,’ असे त्या कौतुकाने सांगायच्या, आणि ते अगदी खरे होते. मात्र त्याला काय हवे आहे हे ज्यांना बघून कळते अशी माणसे त्या इमारतीबाहेर दोनच होती, आई आणि बाबा. पहिलीच्या वर्गात तो टाचा उचलून उभा राहिला असता, तर तिथल्या शिक्षकांनी त्याला जागेवर बसवले असते.

चित्रांच्या देवाणघेवाणीवर आधारलेली पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विकसित केली. तिच्या सहा टप्प्यांपैकी दुसरा टप्पा नेमका या दुखण्यावर आहे. पहिल्या टप्प्यात मूल समोर बसलेल्या माणसाच्या हातात चित्र ठेवायला शिकते. दुसऱ्यात तो माणूस दूर जातो, वही दूर जाते, समोरची व्यक्ती बदलते, खोली बदलते. मुलाने उठून वहीपर्यंत जायचे, चित्र काढायचे, पाठमोऱ्या माणसाकडे जाऊन त्याचे लक्ष वेधायचे आणि मगच वस्तू मिळवायची. हा टप्पा कष्टाचा आहे, कारण मोठ्या माणसाला ठरवून कमी समजूतदार व्हावे लागते. माझ्या पाहण्यात हाच टप्पा छोट्या शाळांतून सर्वाधिक वगळला जातो, कारण सर्वजण मुलाला इतके ओळखत असतात की त्याने काही मागण्याची वेळच येत नाही. लहान पटाचा जो गुण आपण माहितीपत्रकात अभिमानाने छापतो, तोच इथे मुलाच्या वाटेत येतो. या मुलाच्या फायलीत ‘जून महिन्यापर्यंत तीन अनोळखी मोठ्या माणसांकडे स्वतःहून चित्र नेऊन देईल, कारण पुढच्या शाळेत त्याला एवढे यावेच लागेल’ असे एक वाक्य असते, तर वही खिळ्यावर राहिली नसती.

एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, ही गोष्ट आपल्या क्षेत्राला नवी नाही. स्टोक्स आणि बेअर या संशोधकांनी १९७७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेताना सर्वांत प्रचलित पद्धतीला ‘शिकवा आणि आशा धरा’ असेच नाव दिले होते. आज प्रगतिपत्रके वाचताना ते नाव वारंवार आठवते. ‘रंग ओळखतो’, ‘सूचना पाळतो’, ‘शौचाला जाण्यास मदतीने सांगतो’, असे शेरे असतात. कोणाच्या सूचना? कोणत्या खोलीत? मदत म्हणजे हातावर हात धरून केलेली, की नुसता इशारा, की तोंडी आठवण? हातावर हात धरून घडवलेली कृती आणि केवळ नजरेच्या इशाऱ्याने घडलेली कृती यांत कित्येक महिन्यांच्या शिकवण्याचे अंतर असते, आणि ‘मदतीने’ या एका शब्दात ते सगळे झाकले जाते. पुढच्या शाळेतील शिक्षकांना तर त्या शेऱ्यावरून काहीच समजत नाही. मग ते मुलाला पुन्हा पहिल्यापासून तपासतात आणि अनोळखी जागेत, अनोळखी माणसासमोर तपासले गेल्यामुळे मूल आहे त्याहून मागे दिसते.

म्हणून वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, म्हणजे त्या एका मुलापुरती शिकवण्याची लेखी योजना, लिहिताना उद्दिष्टे आजच्या वर्गावरून काढू नयेत. ती मूल पुढे जिथे जाणार आहे त्या वर्गावरून मागे मोजत यावीत, अशी माझी पहिली विनंती आहे. पुढच्या वर्गात पंचवीस मुले असतील, शिक्षक एकच असेल, सूचना सर्वांना मिळून दिली जाईल, घंटा वाजेल, रांग लागेल, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागेल. आपल्या शाळेत यातले काय घडते? पुष्कळ शाळांत मुलाचे नाव घेतल्याशिवाय त्याला एकही सूचना मिळत नाही. वर्षभर फक्त स्वतःच्या नावाने सूचना ऐकलेल्या मुलाला ‘सगळ्यांनी वह्या काढा’ हे वाक्य आपल्यासाठीही आहे हे कसे कळावे? दिवसातील वीस मिनिटे मुद्दाम मोठ्या गटात, नाव न घेता सूचना देऊन घालवली, तर त्याचा उपयोग टेबलावरच्या ठोकळ्यांपेक्षा अधिक होतो, असे माझे मत आहे.

जिथे कायदा शाळांच्या मागे लागला, तिथे ही शिस्त थोडीफार आली. अमेरिकेतील १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग विद्यार्थ्यासाठी लेखी वैयक्तिक कार्यक्रम आणि त्याचा वर्षातून किमान एकदा आढावा बंधनकारक केला. १९८६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपासूनच्या मुलांकडे विशेष लक्ष दिले गेले आणि त्याहून लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम उभा राहिला. त्या कार्यक्रमातील मूल तीन वर्षांचे होऊन पुढच्या व्यवस्थेत जाते तेव्हा तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी त्याच्या स्थलांतराचा आराखडा तयार असावा लागतो. इंग्लंडमध्ये मूल बालवर्गातून शाळेत जाणार असेल, तर त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीपर्यंत त्याच्या शिक्षण, आरोग्य व देखभालीच्या लेखी योजनेचा आढावा आणि दुरुस्ती पूर्ण करावी लागते. पाच वर्षांखालील मुलांच्या योजनेचा आढावा दर तीन ते सहा महिन्यांनी घेण्याचा विचार व्हावा, असेही तिथली मार्गदर्शिका सांगते. त्या देशांत सर्व आलबेल आहे असे माझे म्हणणे नाही. तारीख ठरलेली असली की बैठक होते, आणि ती ठरलेली नसली की ‘बघू पुढच्या वर्षी’ होते, एवढाच मुद्दा आहे. खासगी शाळेला तारीख ठरवायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या कामाच्या इतिहासातही मुलांचा आणि पद्धतींचा प्रवास विशेष शाळेकडून बाहेरच होत आला आहे. फ्रेंच डॉक्टर झाँ इतार यांनी १८०० नंतरच्या काही वर्षांत एका रानात सापडलेल्या मुलाला शिकवताना जी साधने वापरली, ती त्यांचे शिष्य एदुआर सेगाँ यांनी पुढे नेली. त्या दोघांचे काम वाचून इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०० मध्ये रोममधील विशेष शाळेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवले आणि ती मुले सर्वसाधारण शाळांच्या परीक्षांत उत्तीर्ण झाली, तेव्हा सगळे कौतुक करत असताना माँटेसरींना प्रश्न पडला तो निरोगी मुलांना आपल्या शाळा एवढ्या मागे का ठेवतात, हा. १९०७ मध्ये त्यांनी सर्वसाधारण मुलांसाठी आपली पहिली बालशाळा उघडली. बेल्जियमचे डॉक्टर ओव्हिद डेक्रोली यांनी १९०१ मध्ये ब्रुसेल्समध्ये स्वतःच्या घरातच विशेष मुलांची छोटी शाळा सुरू केली होती. आपल्या शाळांचे पूर्वरूप म्हणावे अशीच ती होती. त्यांनीही १९०७ मध्येच सर्वसाधारण मुलांची शाळा काढली. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणारे खाचेत बसवायचे ठोकळे आणि खरखरीत अक्षरे यांचे मूळ या छोट्या विशेष वर्गांत आहे. साधने भिंतीपलीकडे गेली, तेव्हा मुलांनीही जावे अशी अपेक्षा ठेवणे काही अवास्तव नाही.

एक अवघड मुद्दा टाळून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या कराराचे २४ वे कलम सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क देते, आणि त्यावर २०१६ मध्ये संबंधित समितीने केलेल्या भाष्यात सर्वसाधारण आणि विशेष अशा दोन व्यवस्था समांतर चालवत राहणे या कलमाशी सुसंगत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी स्पेनमधील सालामांका येथे विशेष शिक्षणावर भरलेल्या परिषदेच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात ९२ देशांच्या प्रतिनिधींनी हीच दिशा मान्य केली होती. या भाष्यापुढे आपल्या शाळांचे समर्थन कसे करायचे? ‘आम्ही मुलांवर प्रेम करतो’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण वेगळे काढून प्रेम करणे हाच आक्षेप आहे. मला एकच उत्तर टिकणारे वाटते : अमुक मुलाला अमुक काळासाठी, अमुक कौशल्यांसाठी आम्ही ठेवले आहे आणि त्यानंतर ते कुठे जाईल हे इथे लिहिलेले आहे, असे कागद दाखवून म्हणता येणे. ज्या शाळेला हे दाखवता येत नाही, तिला समितीचे भाष्य लागू पडते, मग तिथली माणसे कितीही भली असोत.

आता आपल्या बाजूने येणाऱ्या हरकती. पहिली आणि सर्वांत वजनदार हरकत अशी की, बाहेरच्या शाळा तयार नसतात. मूल पाठवले की दोन महिन्यांत परत येते, आणि मधल्या काळात त्याने कमावलेलेही गमावलेले असते. हे मी अनेकदा पाहिले आहे. पण परत आलेल्या मुलांच्या कहाण्या खोलवर विचारल्या, तर बहुतेक वेळा असे दिसते की मूल एका सोमवारी इथले संपवून पुढच्या सोमवारी तिथे पूर्ण वेळ बसवले गेले होते. दोन्ही शिक्षकांची भेट एकदाही झालेली नव्हती. त्याऐवजी आठवड्यातील दोन सकाळी तिथे आणि उरलेले दिवस इथे, अशी सुरुवात केली, पहिल्या सत्रात आपली शिक्षिका मागच्या बाकावर बसली आणि हळूहळू वर्गाबाहेर, मग शाळेबाहेर गेली, तर काय अडते हे वेळीच कळते. अडले तर मुलाला परत यायला दार उघडे असते आणि ते परतणे कोणाला अपयश वाटत नाही. सोबत जाणाऱ्या शिक्षिकेने मात्र एक पथ्य पाळावे : मुलाच्या आणि त्या वर्गाच्या शिक्षकांच्या मध्ये बसू नये. सावलीसारखी कायम चिकटलेली मदतनीस असली की वर्गशिक्षक मुलाशी बोलेनासे होतात, आणि मूल सर्वसाधारण वर्गात बसूनही विशेष शाळेतच राहते.

दुसरी हरकत उलट्या बाजूची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. बाहेर पडणाऱ्या मुलांची संख्या हेच यशाचे माप ठरवले, तर शाळा सौम्य अडचणींच्या मुलांनाच प्रवेश देतील, ज्यांना बहुविध अक्षमता आहेत त्यांना दारातूनच परत पाठवतील आणि जाहिरातीत मोठाले टक्के छापतील. हे घडते. म्हणून मी संख्या मागत नाही, ठिकाण मागते आहे. काही मुले शेजारच्या सर्वसाधारण शाळेत जातील, काही अर्धा दिवस जातील, काहींना मोठ्या वयोगटाच्या दुसऱ्या विशेष शाळेची गरज असेल, आणि काहींच्या बाबतीत पुढचे ठिकाण म्हणजे घरी येणारी सेवा आणि आठवड्यातून एकदा भेटणारा मुलांचा गट एवढेच असेल. यांतला प्रत्येक पर्याय सन्मानाचा आहे, फक्त तो शोधण्याचे काम मूल सात वर्षांचे झाल्यावर घाईघाईने पालकांवर ढकलले जाऊ नये. तीव्र अक्षमता असलेल्या मुलाच्या फायलीत तर हे पान अधिक लवकर लागते, कारण त्याच्यासाठीच्या जागा सर्वांत कमी असतात आणि त्यांच्या प्रतीक्षा याद्या सर्वांत लांब.

प्रवेशाच्या वेळी ‘हे मूल आमच्याकडे नको’ असे म्हणता येणे हाही या नियोजनाचाच भाग आहे, आणि छोट्या शाळांना ते फार जड जाते. श्रवणदोष असलेल्या मुलाचेच पाहा. जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार व शिक्षणाची सुरुवात, हे या क्षेत्रातील सर्वमान्य वेळापत्रक आहे, कारण भाषेसाठी थांबायला मुलापाशी वेळ नसतो. ज्या शाळेत कोणालाही सांकेतिक भाषा येत नाही, श्रवणयंत्राची रोजची तपासणी कशी करतात हे कोणाला माहीत नाही आणि वर्गातील बाकी सर्व मुले स्वमग्न आहेत, तिथे अशा तीन वर्षांच्या मुलाला ‘येऊ दे, काहीतरी शिकेल’ म्हणून घेणे म्हणजे त्याचे भाषेचे वर्ष वाया घालवणे आहे. पालक रडत असतात, जागा रिकामी असते, आणि नाही म्हणणे निष्ठुर वाटते. तरीही योग्य शाळेचे नाव सांगून, तिथल्या माणसाशी स्वतः बोलून, त्याच दिवशी नाही म्हणावे.

पैशाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय ही सगळी चर्चा हवेत राहील. माझ्या माहितीतील ज्या थोड्या शाळांनी हे जमवले, त्यांनी शुल्काची रचना बदलली. मूल आठवड्याचे दोन दिवस दुसरीकडे जाऊ लागले, तरी सत्र संपेपर्यंत पूर्ण शुल्क घ्यायचे, आणि त्या बदल्यात शिक्षिकेच्या भेटी, दोन्ही शाळांच्या संयुक्त बैठका आणि मूल गेल्यानंतरच्या एका सत्राची सोबत द्यायची, असे प्रवेशाच्याच वेळी पालकांना लेखी सांगायचे. पालक याला सहसा हरकत घेत नाहीत, कारण मोबदल्यात काय मिळणार हे समोर लिहिलेले असते. जाण्याच्या तारखा आधी ठरल्यामुळे प्रतीक्षा यादीतील मुलालाही तारीख देता येते आणि जागा रिकामी राहत नाही. एरवी अचानक मूल काढून नेले की दोन-तीन महिने ती तशीच पडून असते. म्हणजे नियोजनाने उत्पन्न घटण्याऐवजी त्यातले चढउतार कमी होतात. ज्या शाळेला सकाळच्या वेळेत नियमित मुले आणि दुपारी माजी विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एकदोन थेरपीची सत्रे ठेवता येतात, तिचा भार आणखी हलका होतो.

कर्मचाऱ्यांबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यांचे प्रश्न स्वतंत्र पत्राचे आहेत. छोट्या शाळेत एक अनुभवी शिक्षिका नोकरी सोडते तेव्हा पाच-सहा मुलांची योजना तिच्या डोक्यात बसून निघून जाते. लेखी पान असण्याचे हेही एक कारण आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या थेरपिस्टनेही त्याच पानावर लिहावे. बंद खोलीत तीस मिनिटे काय झाले याची वेगळी वही ठेवली आणि ती वर्गशिक्षिकेने कधी उघडलीच नाही, तर त्या अर्ध्या तासाचा वर्गात उपयोग शून्य होतो.

आणखी एक गोष्ट, जराशी आडवाटेची. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘पाच वर्षांनंतर मेंदूचे दार बंद होते, आत्ताच पूर्ण वेळ घाला’ असे सांगण्याची पद्धत सोडून द्यावी. सुरुवातीची वर्षे मोलाची आहेत, त्या वयात सुरू केलेल्या मदतीचा फायदा अधिक होतो, हे खरेच आहे. पण शिकणे कोणत्याही वाढदिवशी थांबत नाही, आणि आपण घातलेल्या या धाकामुळेच पालक पुढे मुलाला आपल्याकडून काढायला घाबरतात. जे वाक्य प्रवेश मिळवून देते, तेच नंतर मुलाचा पाय अडकवून ठेवते.

तेव्हा येत्या प्रवेशसत्रापूर्वी आपण पुढील गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. प्रत्येक मुलाच्या फायलीत एक पान असे असावे, ज्यावर पुढच्या संभाव्य ठिकाणाचे वर्णन, तिथे लागणारी पाच-सहा कौशल्ये, प्रत्येक कौशल्यात आज किती आणि कोणत्या प्रकारची मदत लागते याची नोंद, आढाव्याच्या तारखा आणि निर्णयाची अपेक्षित तारीख असेल. मुदत वाढवायची असेल, तर वाढवण्याचे कारण आणि त्या वाढीव काळात नेमके काय साधायचे हेही त्याच पानावर लिहावे, आणि त्यावर पालकांची सही घ्यावी. आढाव्याच्या बैठकीत शाळेच्या शुल्काशी संबंध नसलेली एक तरी जाणकार व्यक्ती, उदाहरणार्थ शेजारच्या सर्वसाधारण शाळेतील शिक्षक किंवा दुसऱ्या संस्थेतील थेरपिस्ट, वर्षातून दोनदा बसावी. आपल्याकडून गेल्या काही वर्षांत किती मुले कुठे गेली, किती परत आली आणि किती जणांना पुढे जागाच मिळाली नाही, हे मुलांची ओळख उघड न करता प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावे. त्यातला शेवटचा आकडा लाजिरवाणा वाटला तरी छापावा, कारण नव्या पालकांना सर्वाधिक उपयोग त्याचाच आहे.

यातले काही आपल्या आर्थिक ताकदीबाहेरचे आहे, असे ज्या शाळांना वाटते, त्यांनी तसे नुसते म्हणून न थांबता पट, शुल्क आणि वेतन यांच्या आकड्यांसह जाहीरपणे लिहावे. मूल पुढच्या शाळेत रुजेपर्यंतच्या एका सत्राचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न शासनापुढे आणि देणगीदारांपुढे मांडायचा झाला, तर ते आकडे लागणारच आहेत, आणि आजवर ते कोणत्याही शाळेने एकत्र करून मांडलेले माझ्या पाहण्यात नाहीत. आपल्यापैकी दहा शाळांनी दिले, तरी ते संकलित करण्याचे काम मी आनंदाने करीन.

कळावे.

आपली,
एक विशेष शिक्षिका